त्या दिवशी घरात कोण कोण होतं

फोन वाजला तेव्हा माझी लेक फणस टबात होती आणि माझे दोन्ही हात तिच्या मानेखाली. पाण्यातलं बाळ एका हातावर तोलून दुसऱ्या ओल्या हाताने फोन उचलणं मला अजून जमत नाही. दोनताईला जमायचं, तिने मला असंच वाढवलं, एका हातात मी आणि दुसऱ्या हातात कालथा. मी कोपराने स्पीकर दाबला आणि तीनदादाचा आवाज न्हाणीघरात घुमला. "उत, गुरुवारी सकाळी जमिनीच्या कार्यालयात ये. लाल पुस्तक घेऊन ये. आणि तुझा जन्मदाखला आण." मागे काँक्रीटच्या मिक्सरची घरघर, कुणीतरी त्याला हाक मारली, तो "आलो रे" म्हणाला आणि फोन बंद. फणसने पाण्यावर थाप मारली, माझ्या डोळ्यांत पाणी उडालं, आणि मी तशीच उकिडवी बसून राहिले. जन्मदाखला. ओळखपत्र का नाही? माणूस आहे, सज्ञान आहे, सही करू शकतो, एवढं बघायला ओळखपत्र पुरतं. जन्मदाखला मागतात तो माणूस जगात कधी आला हे बघायला. पाणी गार होत चाललं होतं. फणसच्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या, म्हाताऱ्या बाईच्या असाव्यात तशा, आणि मला कारण नसताना आईची बोटं आठवली.

आमच्याकडे, सायगॉनच्या बाजूला, मुलांची मोजणी दोनपासून सुरू होते. थोरलीला दोन म्हणायचं, तिच्या पाठच्याला तीन, मग चार; पहिला आकडा कुणालाच द्यायचा नाही. का, ते कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं तो गावच्या प्रमुखासाठी राखलेला, कुणी म्हणतं वाईट नजरेला चकवायला. म्हणून दोनताई, तीनदादा, चारदादा. मी पाच व्हायला हवी होते, पण शेवटच्याला आकडा नसतो, तो नुसता उत, शेंडेफळ. आई त्रेचाळिसाची असताना मी झाले. दोनताई तेव्हा वीस वर्षांची, लग्नाला आलेली, आणि गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, "तुझं की आईचं?" ती म्हणायची, "जो रडणं थांबवेल त्याचं." माझं नाव खुए आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

त्या रात्री फणसला पाजताना, अंधारात, दुसऱ्या हाताने फोन धरून मी कायदा वाचला. वाचायचा नव्हता. पण एकदा बोट सरकवायला लागलं की थांबत नाही, आणि बाळ पीत असताना आई कुठेच जाऊ शकत नाही. आमच्या लाल पुस्तकावर, म्हणजे घराच्या मालकीच्या जुन्या दाखल्यावर, मालक म्हणून कुणा एका माणसाचं नाव नाही. तिथे लिहिलंय, लाम वान थोय यांचं कुटुंब. म्हणजे बाबांचं कुटुंब. आता घराच्या नव्या दाखल्यावर कुटुंबातल्या माणसांची नावं एकेक करून घालायची. माणसं कोणती, तर जुनं पुस्तक मिळालं त्या दिवशी घरात जी होती ती. पुस्तकावरची तारीख मला पाठ होती, कारण लहानपणी मी अंक वाचायला त्यावरच शिकले. मे महिना. माझा जन्म त्याच वर्षीच्या जुलैतला. मी फोन उपडा ठेवला. पंख्याचं पातं फिरताना दर फेरीला टिक् करत होतं. म्हणजे चौघा भावंडांत या घरात आज राहणारी एकटी मी, आणि त्या दिवशी घरात नसलेलीही एकटी मीच. आई-बाबांच्या वाटणीतून मला चतकोर काहीतरी आलंच असतं, ते माहीत होतं. पण चतकोर म्हणजे किती? जिन्याची तिसरी पायरी? ज्या पायरीवर पाय पडला की कर्र वाजतं आणि आई खालून म्हणायची, "चपला काढल्यास का गं?"

आमचं घर म्हणजे एक लांबोडकी डबी. दोन्ही हात पसरले की जवळजवळ दोन्ही भिंती लागतात. रात्री स्कूटर पुढच्या खोलीत घ्यायची, म्हणजे झोपेत पेट्रोलचा वास येतो. मला तो वास आला नाही तर झोप येत नाही. मागे थी न्येचा कालवा. लहानपणी तो काळा होता, खिडकी उघडायची सोय नव्हती. आता पाणी वाहतं, काठावर म्हातारे व्यायाम करतात. वर देव्हारा, बाबांचा फोटो, त्याच्या शेजारी गेल्या वर्षीपासून आईचा. सकाळी पावाच्या गाडीवरची रेकॉर्ड गल्लीत शिरते, तीच बाई तेच वाक्य माझ्या जन्माआधीपासून म्हणतेय असं वाटतं, आणि फणस तिच्या आवाजाकडे मान वळवते. हे सगळं कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. नाव लागतं ते दुसऱ्याच्या घराला. माझा नवरा लुआन भाड्याच्या खोल्यांतून वाढला, त्याला असलं काही होत नाही. तो दा लातहून फुलांचा ट्रक आणतो, दोन दिवसांनी घरी येतो तेव्हा त्याच्या केसांना शेवंतीचा वास असतो. फोनवर म्हणाला, "नाहीच मिळालं तर बिन्ह युआँगला खोली घेऊ. फणसचं काय, ती टोपलीतही झोपते." तो मला धीर द्यायलाच म्हणाला होता. मी म्हटलं, "हो." आणि पंखा बंद केला, कारण त्या टिक्टिकीने मला रडू यायला लागलं होतं.

तीनदादाला मी भिते असं नाही. तो मला खांद्यावर बसवून कालव्याच्या पुलावरून न्यायचा, मी त्याचे कान धरायचे. पण त्याने बिएन होआला स्वतःचं घर बांधलं, लोकांची घरं बांधायला लागला, आणि कुठल्याही घरात शिरला की आधी वर छताकडे बघायला लागला. आई गेल्यावरच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला आला तेव्हाही त्याने असंच वर बघितलं होतं. कुठे ओल आलीय, कुठे तडा गेलाय. तीनवहिनी मासे वाढता वाढता म्हणाली, "उत नशिबाची बाई. घर बांधून झाल्यावर आली आणि घरातच राहिली." सगळे हसले. मीही हसले. ती वाईट मनाने बोलली नव्हती, कदाचित. पण तिचा मुलगा जपानला कामाला जायचं म्हणतोय, एजंट तारण मागतो, हे मला चारदादाने सांगितलं होतं. आणि आता ते वाक्य परत परत येऊन माझ्याजवळ बसायला लागलं. उशिरा आली. उशिरा आली आणि राहिली. गुरुवारपर्यंत मी भांडी घासताना, दुपटी पिळताना, फणसचं नाक पुसताना त्याला उत्तरं देत होते. शेवटची दोन वर्षं आईचं सगळं कुणी केलं? मी केलं. मग वाटायचं, हे असं काढून दाखवायला लागलं की ते केलंच नव्हतं असं होऊन जातं. मग मी पिळलेलं दुपटं पुन्हा एकदा पिळायचे.

लाल पुस्तक तांदळाच्या रांजणात होतं. आई ते तिथेच ठेवायची, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, तांदळाच्या अगदी तळाशी. चोर आला तरी कोपरापर्यंत हात घालून तांदूळ धुंडाळणार नाही, असं ती म्हणायची. मी हात घातला. तांदूळ खोल गेलं की गार लागतात. लहानपणी ताप आला की मी मनगटापर्यंत हात त्यात खुपसून उभी राहायचे आणि आई ओरडायची, मग तीही एक हात घालायची, आणि आम्ही दोघी तशाच. पुस्तक निघालं. लाल रंग विटून विटेसारखा झालेला, आणि खालचा उजवा कोपरा दुमडलेला. हा कोपरा मला पहिल्यापासून माहीत. कितीदा तरी मी तो बोटाने सरळ केला असेल, तो परत वळतो. फणसला पाठीशी घेऊन मी तो पुन्हा एकदा दाबला. तो परत वळला.

कार्यालयात गारठा होता, एसी तिथे माणसांसाठी नसतो, यंत्रांसाठी असतो. दोनताई आधीच येऊन बसली होती, मांडीवर फळांची पिशवी, जशी ती दवाखान्यात जाते. तिने फणसला माझ्याकडून ओढून घेतलं आणि गाल ओढला. "ई, कसली घाण दिसतेय ही! कुणी टाकून दिली होती गं तुला?" लहान मुलाला चांगलं म्हणायचं नसतं, म्हणून आम्ही जितकं प्रेम तितकं वाईट बोलतो, दोनताईने सगळ्यांत वाईट बोलायचा मान स्वतःकडे ठेवलाय. चारदादा हिरव्या जाकिटात आला, स्कूटरवरून माणसं सोडण्याचं काम मध्येच टाकून. "आज घरमालक होणार मी," तो म्हणाला. "उद्यापासून भाडं काढणार तुझ्याकडून, उत. एका महिन्याचं आगाऊ." मी हसले का ते आठवत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबवून जाकिटाची चेन उगाच वरखाली केली. तीनदादा शेवटी आला. त्याने छताकडे बघितलं नाही. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "दाखला आणलास?"

खिडकीपलीकडची बाई पस्तिशीची असेल, खांद्यावर शाल, बाजूला गोड ताकाची बाटली. तिने जुनं पुस्तक उलगडलं, दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला, तो परत वळला, तिने सोडून दिला. मग तिने आम्हा सगळ्यांकडे एकदा बघून विचारलं, "हे पुस्तक मिळालं त्या दिवशी घरात कोण कोण होतं? हे तुम्हीच ठरवून सांगायचं, सगळ्यांनी सही करायची, जबाबदारी तुमची." तो प्रश्न तिने दिवसातून किती घरांना विचारला असेल. पण मला वाटलं, तो फक्त मलाच आला आहे. माझे कान तापले. फणसला दोनताईने खांद्यावर घेतलं होतं, तिचे पाय माझ्या दंडाला लागत होते, आणि मी त्या पायांना धरून उभी होते.

तीनदादा बोटांवर मोजत म्हणाला, "बाबा, आई. दोघंही आता नाहीत. दोनताई, मी, हा चार. आणि ही."

बाईने माझा दाखला बघितला. मग पुस्तक. मग परत दाखला. "या जुलैतल्या आहेत. पुस्तक मेचं."

तेवढं ऐकलं आणि मला विचित्र काही झालं. जी गोष्ट मी तीन दिवस छातीशी घेऊन फिरत होते ती दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने म्हटली, आणि ती खिडकीच्या काचेवर जाऊन बसली, माझ्या अंगावरून उतरली. जवळजवळ बरं वाटलं. मी म्हणायला तोंड उघडलं की असू द्या, मी नंतरची, माझं काही नाही. पण दोनताई आधी बोलली.

"जुलैत बाहेर आली," ती म्हणाली. "त्या दिवशी आत होती. घरातच होती की. कुठे जाणार?"

बाई हसली. "ताई, कायद्यात पोट नसतं."

"मग कायद्याला कुणी जन्म दिला?" दोनताईचा आवाज चढला, मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. "आमच्यात मूल जन्मतं तेच एक वर्षाचं होऊन. आईच्या पोटातलं वर्ष काय हवेत जातं? तुमच्या आजीने कसं मोजलं होतं तुमचं वय?"

"आजीने असंच मोजलं," बाई म्हणाली, आणि ताकाची बाटली थोडी बाजूला सारली, जणू आता ऐकायला जागा करतेय.

"हा कोपरा बघताय?" दोनताईने खिडकीच्या फटीतून बोट आत घालून पुस्तकाला लावलं. "बाबा हे सायकलवरून घेऊन आले, हॅन्डलला बदक बांधलेलं. आई खाटेवर. तिला डॉक्टरने उठायचं नाही म्हणून सांगितलेलं, मूल टिकतंय की नाही अशी वेळ. बाबांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिला मांडी तर उरलीच नव्हती, म्हणून पोटावर ठेवून वाचायला लागली. आणि हिने आतून अशी लाथ मारली! पुस्तक उडून फरशीवर, कोपऱ्यावर पडलं. आई रडायला लागली. दोन दिवस पोटात हालचाल नव्हती, बाई. दोन दिवस. मी बाजूलाच बदक धरून उभी होते, तेही निसटलं." ती थांबली. "त्या दिवशी घरात कोण होतं म्हणून विचारता? सगळ्यांत जास्त तीच होती."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही. मूल टिकतंय की नाही, हे मुलाला सांगायचं नसतं, ऐकून परत जायचं मनात येईल. मी पुस्तकाकडे बघत होते. सत्तावीस वर्षं मी तो कोपरा सरळ करत होते. माझ्याच टाचेने वळलेला. एसीच्या गारठ्यात माझ्या तळपायाला घाम आला. चारदादा मागे वळून, "मला बदकाचं आठवतं," असं हळूच म्हणाला. "मी गल्लीभर पळालो होतो त्याच्या मागे."

बाईने शाल नीट केली. कीबोर्डवर हात नुसते ठेवले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे मी लिहू शकत नाही. जन्मतारीख यंत्र वाचतं. पण एक करा. तुम्ही तिघं आपापल्या वाट्यातून हिला बरोबरीचा वाटा देता म्हणून लिहून द्या, समोरच्या नोटरीकडे होईल. मग दाखल्यावर चारही नावं सारखी."

"द्यायचं?" दोनताई म्हणाली. "तिचंच तिला देऊन उपकार चढवायचा?"

"ताई," चारदादा म्हणाला, "दे गं बाई. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काहीतरी देतोय. दिसू दे कागदावर."

मागची रांग हसली. बाईही. मला हसता हसता हुंदका आला आणि फणसने माझ्याकडे वळून बघितलं, तिच्या भुवया अशा वर गेल्या, अगदी आईसारख्या, कोण हसतंय कोण रडतंय याचा अंदाज घेत.  तीनदादा आता खिशातून पेन काढून त्याचं टोपण काढत होता, घालत होता.

शेवटचा प्रश्न बाकी होता. बाई म्हणाली, "घराचा दाखला एकच द्यायचा, तुमच्यातल्या एकाकडे? की प्रत्येकाला वेगळा?" बहुतेक घरं एकच घेतात, मोठ्या मुलाकडे ठेवतात. मला वाटलं, आता तो म्हणेल एकच. आणि मला आश्चर्य वाटलं की मला फारसं काही वाटत नव्हतं. न्यावा त्याने, ठेवावा बिएन होआला. लाथ तर माझीच होती.

"चौघांना चार," तीनदादा म्हणाला.

नोटरीकडून बाहेर पडल्यावर आम्ही फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलो, बर्फाची कॉफी घेतली. मी सावलीकडे पाठ करून फणसला पाजत होते. तीनदादाने बर्फ चमच्याने ढवळला, खूप वेळ, कॉफी फिकी पडेपर्यंत. "पोरगं रोज विचारतं," तो म्हणाला, कुणाकडे न बघता. "बाबा, सायगॉनचं पुस्तक कुठाय, थोडे दिवस एजंटकडे ठेवू. त्याची आईही विचारते. एकच दाखला असता आणि माझ्याकडे असता, तर एखाद्या दिवशी मी दिला असता, उत. मला माहितेय मी. आता मी दिला तरी बाकीचे तीन लागतात." त्याने खांदे खाली सोडले. मला तेव्हा दिसलं की तो आल्यापासून खांदे वर धरून बसला होता. कदाचित कित्येक महिन्यांपासून. "जन्मदाखला सगळ्यांचाच लागत होता," तो म्हणाला. "आमच्या प्रती माझ्याकडे होत्या. तुझी नव्हती. तुला काय वाटलं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही म्हणते आणि डोळे बघ," दोनताई म्हणाली. "मूर्ख मुलगी. विचारायचं नाही का?" आणि तिने पिशवीतला एक पेरू काढून ब्लाउजच्या टोकाने पुसला आणि माझ्या हातात कोंबला, मी दोन वर्षांची असल्यासारखं. मी तो खाल्ला. बी दातात अडकलं. लुआनला मेसेज करायचा होता, पण एक हात पेरूत आणि एक फणसखाली. राहू दे, म्हटलं. रात्री शेवंतीचा वास आला की सांगीन. बिन्ह युआँगला जायचं नाहीये.

दाखले पावसाळा संपता संपता आले. लोक अजून लाल पुस्तक म्हणतात, पण ते आता लाल नाही आणि पुस्तकही नाही. एकच कागद, कमळासारखा गुलाबी, कोपऱ्यात यंत्राने वाचायची काळी चौकट. चार नावं एकाखाली एक. प्रत्येकाच्या कागदावर तीच चार. जुनं पुस्तक त्यांनी परत घेतलं, त्याचा मला चटका लागला, पण बाईने ते ठेवून घ्यायच्या आधी मला एकदा हातात धरू दिलं. मी कोपरा सरळ केला. तो परत वळला. बस्स.

घरी येऊन मी माझा कागद दुहेरी प्लॅस्टिकमध्ये घातला आणि रांजणाचं झाकण काढलं. फणस आता आधार धरून उभी राहते. ती रांजणाच्या काठाला धरून उभी राहिली आणि मी हात घातला तसा तिनेही घातला, मनगटापर्यंत, आणि गार लागल्याबरोबर श्वास आत ओढून माझ्याकडे बघितलं. चारदादाचा फोन आला, "कुठे ठेवलास गं? मी फ्रिजवर ठेवलाय, आमच्याकडे तांदूळ कुठे, मी रोज बाहेर खातो." मी म्हटलं, तळाशी. त्याने विचारलं, "कोण कोण आहे घरात?" तो नेहमीच विचारतो, यायचं असेल तर किती पाव आणायचे म्हणून.

वरच्या देव्हाऱ्यातून उदबत्तीचा वास खाली उतरत होता. पुढच्या खोलीत स्कूटर, लुआन तिच्याशेजारी चटईवर उताणा झोपलेला. फणसने मूठभर तांदूळ उचलले आणि फरशीवर सोडले. मी मोजायला लागले, सवयीप्रमाणे दोनपासून.

"पाच पाव आण," मी म्हटलं.

"पाच? तुम्ही तीन आणि मी, चार झाले की."

"तू आण," मी म्हटलं. "एक वर ठेवायचाय."